परक्या हाताचा चरा

चरा समोरून दिसत नाही. फोन सरळ डोळ्यांपुढे धरला तर काच आपलाच चेहरा दाखवते आणि कडेची धातूची पट्टी एकसारखी, शांत दिसते. चरा दिसायला उजेड तिरका लागतो. सकाळी पूर्वेच्या गॅलरीत ऊन आडवं येतं, कठड्याच्या गजांच्या सावल्या फरशीवर लांब पडतात, त्या उन्हात फोन अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरून सावकाश फिरवायचा. एका कोनात आल्यावर त्या गुळगुळीत अंगावर अचानक एक रेघ पेटते. आणखी जरा फिरवला की विझते. खळग्याच्या काठांवर आपटून उजेड वाट सोडून पसरतो, म्हणून ती रेघ चमकते. कोन बदलला की तोच उजेड दुसरीकडे निघून जातो आणि वस्तू पुन्हा निर्दोष होते. एकदा दिसलेला चरा मात्र डोळा विसरत नाही. मग तो अंधारातही दिसतो.

माझ्या नव्या फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेच्या डावीकडे, असा एक चरा होता. गडद निळ्या रंगाखालचं चंदेरी ॲल्युमिनियम तिथे उघडं पडलं होतं. लांबी नखाच्या पांढऱ्या कडेएवढी, आणि तशीच किंचित वाकडी. जवळून पाहिल्यावर कळलं की रेघ एक नाही, दोन आहेत. एक खोल, आणि तिला खेटून दुसरी अगदी बारीक. एखादं अवजार आधी घसरावं आणि सावरताना पुन्हा टेकावं, तशी त्यांची ठेवण होती. खोल रेघेवरून नख फिरवलं की ते जरासं अडायचं. पेटीचं सील आदल्या संध्याकाळी मी माझ्या हाताने कापलं होतं. काचेवरचा पातळ पापुद्रा मीच सोलला होता आणि तो सुटतानाचा बारीक आवाज अजून कानात होता. रात्रभर फोन जेवणाच्या टेबलावर, मऊ रुमालावर चार्जिंगला होता. म्हणजे हा चरा त्याच्यासोबत पेटीतूनच आला होता.

घरात तो दाखवल्यावर प्रत्येकाने आपापल्या परीने माझी समजूत घातली. मुलगा म्हणाला, "आई, कव्हर घातलं की कुणाला दिसणारे?" शेजारच्या वहिनींनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "अगं, हे एवढंसं? मला वाटलं काचच फुटली की काय." दादाला फोनवर सांगितलं, तर त्याचा एकच प्रश्न, "चालतोय ना नीट? मग झालं तर." तिघांनाही माझी हळहळ कमी व्हावी असंच वाटत होतं. पण तिघांच्याही बोलण्यात एक गोष्ट धरून चाललेली होती, ती म्हणजे वस्तूचं चालणं तेवढं खरं आणि दिसणं वरवरचं. मला हे पटत नाही. फोन दिवसभर हातात असतो. झोपेतून उठल्यावर बोटं आधी त्यालाच चाचपतात. त्याची कड तळव्याला कशी लागते, काचेवरून बोट किती हलकं सरकतं, उन्हात त्याचा निळा रंग कसा जांभळ्याकडे झुकतो, या सगळ्याचे आपण पैसे मोजलेले असतात. दुकानात रंग ठरवायला माणसं उगाच वेळ लावत नाहीत. कंपनीसुद्धा जाहिरातीत कडांबद्दल, रंगाबद्दल, चकाकीबद्दलच भरभरून बोलते. विकताना जे रूप त्या वस्तूचा प्राण असतं, ते तक्रार करायला गेल्यावर एकाएकी क्षुल्लक कसं होतं?

आईच्या लग्नात आलेलं पितळेचं एक मोठं पातेलं माझ्याकडे आहे. काठाच्या खाली त्यावर ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचं आडनाव, गाव आणि 'सन १९५८' असं घातलेलं आहे. छिन्नीचं टोक आणि लहानशी हातोडी घेऊन कुणीतरी ते एकेक ठिपका ठोकत लिहिलं. 'न'चा शेवटचा ठिपका जरा जास्त खोल गेलाय, घासताना तिथे राख अडकायची आणि आई ती काडीने काढायची. पुढे स्टीलची भांडी आली, आणि भांड्यांच्या दुकानात विजेवर थरथरणारी सुई आली. भांडं पसंत केलं की "नाव घालून द्या" हे वाक्य ठरलेलं. आपला चेहरा दिसेल अशा लख्ख डब्यावर ती सुई टेकायची, करकर आवाज व्हायचा, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या कोऱ्या भांड्याला मुद्दाम ओरखडून आमचं केलं जायचं. बाळाच्या बारशाला आलेल्या वाटीवर आत्याचं नाव असायचं, मुंजीतल्या तांब्यावर मामाचं. वाड्यात कुणाकडे कार्य निघालं की सगळ्या बिऱ्हाडांची भांडी गोळा व्हायची, आणि कार्य उरकल्यावर त्या खुणांवरून आपापल्या घरी परतायची. नाव नसलेलं भांडं दोन दिवस ओट्यावर कुणाची तरी वाट पाहत बसायचं.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तर भांड्याच्या सगळ्या अंगावर खुणा करतात. मठारकाम म्हणतात त्याला. घडवून झालेली तांब्याची घागर किंवा बंब लोखंडी दांड्यावर टेकवून कारागीर हातोडीचे घाव घालत जातो, एकाला लागून एक, रांगेमागून रांग. हात थांबत नाही आणि डोळा घावावरून हलत नाही. अख्ख्या घागरीवर नखाएवढे सपाट ठसे उमटतात आणि प्रत्येक ठसा उजेडाचा एकेक तुकडा उचलतो. हे नुसतं सजवणं नव्हे. तांबं मऊ असतं. घाव बसत गेले की ते घट्ट आणि कठीण होतं, मठारलेल्या भांड्याला सहजासहजी पोचा येत नाही. त्या आळीतून जाताना तो टणटणाट अंगावर येतो, आणि तरी पाय निघत नाही. मी तिथे उभी राहून पाहिलंय की हजार घावांतला एखादा तिरपा पडला तरी कारागिराला तो कळतो. हात फिरवून तो ती जागा शोधतो आणि पुन्हा ठोकून सारखी करतो. ज्याच्या हाताने भांड्यावर हजार खुणा केल्या, त्यालाही एक नको असलेली खूण चालत नाही.

पातेल्यावरच्या ठिपक्यांना धनी होता. घागरीवरच्या घावांना धनी होता. माझ्या फोनवरच्या त्या दोन रेघांना कुणी धनीच नव्हता. कुठल्या तरी कारखान्यात, जोडणीच्या पट्ट्यावर किंवा तपासणीच्या टेबलावर, कुणाच्या तरी हातातलं काहीतरी घसरलं असेल. त्या हाताची वेळ भरत आली असेल, पाळी संपायला आली असेल. त्या माणसावर माझा राग नव्हता आणि नाही. पण तपासणाऱ्या डोळ्याखालून तो फोन पुढे गेला, पेटीत बसला, सील लागलं आणि 'नवा' म्हणून माझ्याकडे आला. नव्या वस्तूचा आनंद कशात असतो, हे मला त्या चऱ्यामुळे नीट कळलं. तिच्यावर एकही खूण नसते म्हणून ती नवी वाटते असं आपण समजतो. खरं म्हणजे तिच्यावर पहिली खूण करण्याचा हक्क आपल्याकडे असतो, तेच तिचं नवेपण. तो हक्क माझ्याआधी कुणीतरी वापरून टाकला होता. मी पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या वस्तूच्या आयुष्यात मी दुसरी होते.

म्हणून मी दुकानात परत गेले. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेतला आणि न पाहताच म्हणाला, "मॅडम, हे फिजिकल डॅमेजमध्ये येतं. फोन ॲक्टिव्हेट झाला की रिटर्न नसतो. सेंटरला दाखवून बघा." सेंटरवर टोकन, निळ्या खुर्च्या, भिंतीवरच्या पडद्यावर त्याच फोनची जाहिरात, त्यात तीच निळी कड संथपणे फिरत होती. आपला नंबर येईपर्यंत ती पाहत बसायचं. टेबलापलीकडच्या मुलीने भिंग लावून चरा पाहिला. तिने मान हलवली ती दुजोरा दिल्यासारखी, पण शब्द ठरलेलेच आले, "हा कॉस्मेटिक इश्यू आहे, फंक्शनल नाही. वॉरंटीत बसत नाही." मी पेटीतली पुस्तिका सोबत नेली होती. तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ओरखडे, पोचे वगैरे वॉरंटीतून वगळले आहेत, मात्र ते मालाच्या किंवा बनावटीच्या दोषामुळे आले नसतील तरच. त्या 'तरच'वर मी बोट ठेवलं. तिने वाचलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

इथे एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायला हवी, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा. जुलै २०२० पासून तो लागू आहे. त्यात दोषाची व्याख्या करताना चालणं आणि दिसणं असा भेद केलेला नाही. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने स्वतः सांगितल्याप्रमाणे जी गुणवत्ता आणि जो दर्जा वस्तूत असायला हवा, त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. नवा म्हणून विकलेल्या फोनवर आधीचा ओरखडा असणं ही त्या दर्जातली उणीव नाही, असं कुणी मला पटवून द्यावं. ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत आणि सदोष माल किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कसुद्धा पडत नाही. "एवढ्याशासाठी कोण भांडत बसणार" हे आपल्याकडचं पेटंट वाक्य. माल खपवणारा या वाक्यावर निश्चिंत असतो. ज्याच्या हाती चरा येतो तो गप्प बसला, की पुढच्या पेटीतही चरा येतो.

मी दुकानाच्या मालकांना लेखी अर्ज दिला, सोबत फोटो जोडले. मालक वयस्कर, जुन्या वळणाचे. त्यांनी तो चरा रस्त्यावरच्या उजेडात नेऊन पाहिला आणि म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. मी वर कळवतो." काही दिवसांनी दुसरा पीस आला. त्यांनी पेटी माझ्यासमोर उघडली आणि माझ्या आधी स्वतःच फोन चारही बाजूंनी उजेडात फिरवला. मग दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. त्या माणसाविषयी मला आजही आदर वाटतो.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले, आणि ज्या काचेवरून दिवसभर बोट फिरवते ती काय आहे हे समजून घेताना माझे कितीतरी दुपारचे तास आनंदात गेले. स्मार्टफोनच्या काचेची गोष्टच मुळी चऱ्यापासून सुरू होते. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी पहिला आयफोन जगाला दाखवला, तेव्हा त्या नमुन्याचा पडदा प्लॅस्टिकचा होता. विक्रीला काही आठवडे उरले असताना त्यांनी तो खिशातून काढला, तर त्यावर बारीक ओरखडे उठलेले. माणसं फोन खिशात ठेवणार, खिशात किल्ल्या असणार. मला काच हवी, असा त्यांनी आग्रह धरला. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने १९६० च्या दशकात एक बळकट काच तयार केली होती, पण तिला फारसं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. ती विद्या पुन्हा बाहेर काढली गेली, केंटकी राज्यातल्या हॅरड्सबर्गच्या कारखान्यात काच बनू लागली आणि २९ जून २००७ ला जो फोन विकायला आला त्यावर काच होती. खिशातल्या किल्लीने उठवलेल्या ओरखड्यांनी सबंध जगाच्या हातातली वस्तू बदलली. ते ओरखडे पाहून "चालतंय की" म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

ही काच बळकट कशी होते, ते वाचताना मला तांबट आळीच आठवत राहिली. काचेचा तयार पत्रा सुमारे चारशे अंश सेल्सियसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन बाहेर निघतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. जागा तेवढीच, आणि येणारा थोराड. सगळे एकमेकांना दाटीने रेटतात आणि काचेची वरची कातडी कायमची आवळलेली राहते. बाहेरून घाव बसला तर आधी हा आवळ मोडावा लागतो, मगच तडा पुढे जातो. घागर घावांनी घट्ट झाली, काच कढत क्षारात न्हाऊन घट्ट झाली. दोघींचीही ताकद अंगावरच्या दाबात आहे.

तरीही ती चरते. ते का, हे कळायला १८१२ साली जावं लागतं. फ्रीडरिश मोह्स नावाच्या खनिजतज्ज्ञाने खनिजांची एक उतरंड लावली. त्याने विचारलेला प्रश्न एकच होता, कोण कोणाला ओरखडतं? सर्वांत मऊ शंखजिरं, त्याला एक. सर्वांत कठीण हिरा, त्याला दहा. ज्याने दुसऱ्यावर चरा उठवला तो वरचा. फोनची काच या उतरंडीत साधारण सहाच्या आसपास बसते. किल्ल्या आणि नाणी बहुधा तिच्या खाली, म्हणून किल्लीचं भय आता फारसं राहिलं नाही. पण सातव्या पायरीवर क्वार्ट्‌झ आहे, म्हणजे आपली गारगोटी. लहानपणी अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी पाडायचो तीच. नदीच्या आणि समुद्राच्या वाळूत ती कणाकणाने असते, बांधकामाच्या धुळीत असते, वाऱ्याबरोबर खिडकीतून येते, पर्सच्या तळाशी बसते. नवव्या पायरीवर माणिक आणि नीलम. घड्याळांवर आणि काही कॅमेऱ्यांवर नीलमाचा पत्रा लावतात, पण सबंध फोनला तो लावणं महागही पडतं आणि जडही. पडण्याला दाद न देणं आणि चऱ्याला दाद न देणं हे दोन गुण एका काचेत सहजी नांदत नाहीत, ही काच करणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे.

कडेच्या धातूची तऱ्हा आणखी वेगळी. ॲल्युमिनियमला रंग वरून फासलेला नसतो. आम्लाच्या हौदात वीज सोडून धातूच्याच अंगातून ऑक्साइडचा थर उगवतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि छिद्रं बंद करतात. थर धातूपेक्षा पुष्कळ कठीण, पण केसाच्या जाडीच्याही लहानशा अंशाएवढा. खालचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे टोकदार कडेवर दाब आला की थराचा टवका उडतो आणि आतली चांदी दिसते. गडद रंगात ती जास्तच डोळ्यांत भरते. सप्टेंबर २०१२ मध्ये काळा आयफोन ५ आला तेव्हा हेच झालं. काही ग्राहकांना तर पेटी उघडताच टवके दिसले. ॲल्युमिनियम वापरात खरचटतं, आतला चंदेरी रंग दिसतो, हे स्वाभाविकच आहे, अशा अर्थाचं उत्तर कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने एका ग्राहकाला पाठवल्याचं तेव्हा छापून आलं होतं. पुढच्या वर्षीच्या फोनला तो काळा रंग नव्हता, त्याच्या जागी फिकट राखाडी आला. माझा फोन वेगळ्या कंपनीचा आहे, पण ते उत्तर वाचून मला माझंच दुकान आठवलं. वापरात खरचटणं स्वाभाविक आहे, यात वाद नाही. ज्याने अजून वापर सुरूच केला नाही, त्याला हे उत्तर देता येत नाही.

दुसरा फोन आणला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने विचारलं होतं, "टेम्पर्ड लावून देऊ?" टेम्पर्ड लावणं पाहायला मला आवडतं. ओल्या पुसणीने काच पुसायची, मग कोरडी, मग निळ्या चिकटपट्टीने उरलासुरला कण टिपायचा, श्वास रोखून ती वरची काच खाचांना जुळवायची आणि मध्यावर एक बोट टेकायचं. मधून कडांकडे एक काळोखी लाट पसरत जाते आणि दोन काचा एक होतात. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या फोनवर ते होताना मी पाहिलं, पण माझ्या फोनला नको म्हटलं. ज्या काचेसाठी एवढी खटपट झाली, तिच्यावरच मला बोट ठेवायचं होतं. ज्यांचा फोन दिवसभर रिक्षाच्या हँडलवर किंवा भाजीच्या गाड्यावर असतो, त्यांनी जरूर लावावी. तिथे काच बदलण्याचा खर्च म्हणजे दिवसाची कमाई बुडणं आहे.

त्या फोनला पहिला चरा गुहागरला पडला. भरती ओसरली होती, सुरूच्या बनाकडून वारा सुटला होता. ओल्या वाळूवर खेकड्यांनी आपल्या बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या मांडल्या होत्या, मोहरीहून मोठ्या, मटाराहून लहान. बिळापासून बाहेर निघालेल्या त्यांच्या रांगा सूर्यकिरणांसारख्या फाकलेल्या. माझी भाची गुडघ्यांवर बसून त्यांचे फोटो काढत होती. तिचे हात ओले, बोटांना वाळू चिकटलेली. एक खेकडा बाहेर आला, तिने श्वास रोखला आणि फोटो नीट दिसावा म्हणून पडद्यावरचं पाणी तळव्याने पुसलं. रात्री दिव्याखाली फोन पाहिला, तर खालच्या भागात एक लांब, किंचित वळलेली रेघ होती. वळण तिच्या तळव्याचं. गारगोटीचा एखादा कण त्या तळव्याखालून फिरला होता. मी ती रेघ नखाने चाचपली, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. तो खेकडा फोटोत छान आला आहे, दोन्ही डोळे दांड्यांवर उभे. भाचीचं नाव त्या काचेवर घातलं गेलं, असं मी मानते.

लोक मला हा चरा काढायचे उपाय सांगतात. टूथपेस्ट हा सर्वांत लाडका. मी कुणालाच तो करू देणार नाही. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक कण असतात. ते काचेच्या खोल रेघेला भरत नाहीत, पण बोटांचे डाग बसू नयेत म्हणून काचेवर दिलेला तेलकटपणा झटकणारा नाजूक लेप मात्र घासून काढतात. रेघ राहते ती राहतेच, वर तिच्याभोवती एक मळकट, बोटाला अडणारा पट्टा तयार होतो. कडेचा उडालेला टवका रंगाच्या पेनाने भरणारे असतात, तोही रंग थोड्याच दिवसांत पुसला जातो.

चरा पडूच नये म्हणून कव्हर घालावं, तर तेही पुरत नाही, हे मी दादाच्या फोनवर पाहिलं. त्याची बॅटरी फुगली, म्हणून आम्ही बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दादा एसटीच्या आगारात नोकरीला होता; वस्तू टिकवायची ही त्याची सवय. फोन घेतल्या दिवशी काळं रबरी कव्हर चढवलं ते त्याने पुन्हा काढलंच नव्हतं. दुरुस्तीवाल्याने अंगठ्याच्या नखाने कव्हरचा कोपरा उचलला आणि ते सोलून पालथं करून टेबलावर आपटलं. राखाडी भुकटीची एक बारीक रांग पांढऱ्या कागदावर पडली. त्याने ती चिमटीत घेऊन दादाच्या बोटांवर चोळली. "बघा काका, कसं खसखसतंय." मग त्याने फोन दाखवला. पाठीचा मधला भाग आजच घेतल्यासारखा लख्ख, आणि चारही कोपरे मात्र उडालेले, रंग जाऊन पांढरट पडलेले. कव्हर सैल होतं, खिशात प्रत्येक पावलाला जरासं हलत होतं आणि आत शिरलेली धूळ कडांना घासत होती. दादा त्या कोपऱ्यांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिला. "पडू दिला नाही रे कधी," एवढंच म्हणाला. दुरुस्तीवाला म्हणाला, "पडून नाही गेले हे, आतून गेलेत. रोज पाच-दहा असे फोन येतात माझ्याकडे."

नवा फोन घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. पेटी दुकानातच उघडा, सिम घालण्याआधी चारी कडा, कोपरे आणि कॅमेऱ्याभोवतीचं कडं नीट पाहून घ्या. घरपोच मागवला असेल तर सील कापण्यापासून चित्रीकरण करा. आधीचा चरा दिसला तर त्याच दिवशी लेखी कळवा, आणि टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तो फिरवा. संकोच करू नका, तुम्ही नव्याचे पैसे दिले आहेत. आणि वापरायला लागल्यावर महिन्यातून एकदा रबरी कव्हर काढून आतून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, फोनच्या कडा मऊ कापडाने पुसा आणि मगच ते चढवा.